डोंग्यावरची बॅटरी : नागपूरच्या उन्हात बसवायची कशी, भरायची कशी

“भाऊ, नवीकोरी बॅटरी होती, सहा महिन्यांत बसली,” असं सांगत कुणी आलं की मी आधी एकच विचारतो : काल पाण्यावरून आल्यावर ती ठेवली कुठे आणि चार्जिंगला लावली कधी? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. डोंग्यातच राहिली होती. किंवा टिनाच्या शेडखाली होती, परवा लावू म्हटलं होतं.

तिथेच सगळं बिघडतं. ॲसिडवाली बॅटरी खर्ची पडते तेव्हा तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा मऊ थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळून जातो. चार-आठ दिवस तशीच अर्धवट पडून राहिली तर त्याचे कडक खडे होतात आणि मग कुठलाही चार्जर ते पूर्ण काढू शकत नाही. तेवढी बॅटरी कायमची कमी झाली. त्यात आपलं ऊन. बॅटरीचं आयुष्य कंपनी २५ अंशांच्या हिशेबाने सांगते, आणि त्यावर दर १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास असतो, टिनाखाली त्याहून जास्त. म्हणून जे दोन नियम मी प्रत्येक नवख्याला पहिल्यांदा सांगतो ते हे : ज्या दिवशी वापरली त्याच दिवशी भरा, आणि सावलीत भरा. बाकीचं सगळं यानंतर.

हा लेख ज्यांनी नुकताच फायबरचा किंवा पत्र्याचा डोंगा घेतला आहे त्यांच्यासाठी आहे. संध्याकाळी जाळं टाकून पहाटे काढायचं, भोईपुऱ्याच्या बाजारात वेळेत माल पोचवायचा, आणि आता टॉर्चऐवजी नीट दिवे, जमलं तर छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवायची आहे, असे लोक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तलाव कुणाच्या ठेक्यात आहे, तिथल्या मच्छीमार संस्थेची आणि पाटबंधारे खात्याची परवानगी आहे का, मोटर चालते का, हे आधी विचारून घ्या. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदीच आहे.

आधी कागद-पेन घ्या

दुकानात जाण्यापूर्वी रात्रभरात किती करंट लागतो ते लिहून काढा. हिशेब सोपा आहे : वॅटला १२ने भागलं की अँपिअर, त्याला तासांनी गुणलं की अँपिअर-अवर, म्हणजे आपण ज्याला ‘एएच’ म्हणतो ते.

समजा १० वॅटचे दोन एलईडी दिवे आहेत. २० वॅट म्हणजे १.७ अँपिअर. पाच तास चालले तर ८.५ एएच. मासे दाखवणारं छोटं यंत्र असेल तर त्याला अर्धा अँपिअर धरा, पाच तासांचे २.५. मोबाइल एकदा भरायला २. झाले १३ एएच. ॲसिडवाल्या बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढायचं नाही हा नियम धरला तर दुप्पट, म्हणजे २६ एएचची बॅटरी हवी. १२ व्होल्ट २६ एएचची सीलबंद बॅटरी बाजारात सहज मिळते, वजन आठ-नऊ किलो. वल्ह्यावर डोंगा चालवणाऱ्या माणसाचं सगळं काम एवढ्यात भागतं आणि माझ्या मते पहिल्या वर्षी एवढंच करावं.

मोटरचा हिशेब वेगळा. या मोटरींचा जोर पौंडांत सांगतात आणि ढोबळ मानाने एका पौंडाला पूर्ण वेगात एक अँपिअर लागतो. ३० पौंडांची मोटर पूर्ण सोडली तर ३० अँपिअर ओढते. वीस मिनिटं तशी चालवली की १० एएच गेले. हळू चालवली तर प्रवाह बराच उतरतो; १० अँपिअरवर दीड तास चालली तर १५. बेरीज २५, दुप्पट ५०, आणि बॅटरी जुनी होत जाते म्हणून थोडं वर धरून ६५ एएच. अजून एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. बॅटरीवर लिहिलेला एएचचा आकडा बहुधा २० तासांत सावकाश काढण्याचा असतो. ३० अँपिअरने उपसा केला तर ॲसिडवाली बॅटरी तेवढं देत नाही, बरंच कमी देते. त्यामुळे वेगाची हौस महाग पडते.

दिव्यांची बॅटरी आणि मोटरची बॅटरी वेगळी ठेवा, हा माझा आग्रह आहे. मोटरने बॅटरी रिकामी केली तरी दिवा आणि फोन चालू राहिला पाहिजे. आणि वल्हं डोंग्यात कायम असलंच पाहिजे, मोटर कितीही भरवशाची असो.

कोणती बॅटरी घ्यायची

गाडीची बॅटरी नको. ती दोन-तीन सेकंद जोराचा धक्का देऊन इंजिन चालू करायला बनवलेली असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. तिला रोज निम्मी रिकामी केली की ती काही महिन्यांत जाते. घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी डोंग्यात ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. ती खोल वापराला चांगली असते हे खरं, पण १५० एएचची बॅटरी ५० ते ६० किलोंची असते आणि आत मोकळं ॲसिड हिंदकळत असतं. जाळं ओढताना डोंगा एका बाजूला कलतोच. ते ॲसिड तुमच्या पायावर येईल, नाहीतर पाण्यात जाईल. नवेगाव खैरीच्या धरणाचं पाणी नागपूर पितं, हे आपण मासेमारांनी तरी विसरू नये.

ई-रिक्शाची बॅटरी? नागपुरात ई-रिक्शा एवढ्या आहेत की त्यांच्या बॅटऱ्या कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. ॲसिडवाल्या ई-रिक्शात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट करतात. त्यातली एक सुटी घेतली तर मोटरसाठी चालते, पण वजन पाहून घ्या आणि वापरलेली घेऊ नका. ई-रिक्शाचा लिथियम पॅक मात्र ४८ किंवा ६० व्होल्टचा असतो. तो १२ व्होल्टच्या सामानाला जोडला की सामान जागीच जळतं.

सीलबंद बॅटरीही ॲसिडवालीच असते, पण आपल्या कामाला बरी. सांडत नाही, पाणी टाकावं लागत नाही. तिचा मोठा शत्रू, जास्त गरमीत जास्त चार्जिंग. त्याविषयी खाली सविस्तर येईलच.

लिथियम आयर्न फॉस्फेट ही खरी सुखाची बॅटरी आहे. ॲसिडवाल्या ६५ एएचच्या बॅटरीचं काम ४० एएचची लिथियम करते, कारण तिच्यातून ८० टक्के काढता येतात. वजन वीस किलोंऐवजी पाच-सहा किलो. अर्धवट भरून ठेवली तरी बिघडत नाही. किंमत जास्त, पण रोज पाण्यावर जाणाऱ्याला परवडते. फक्त दोन अटी : आत संरक्षणाचं सर्किट, म्हणजे बीएमएस, असलंच पाहिजे, आणि चार्जर त्याच जातीचा हवा. ॲसिडवाल्या बॅटरीच्या काही चार्जरांत सल्फेट तोडण्यासाठी व्होल्टेज वर नेण्याची सोय असते, ती लिथियमला घातक आहे.

एकच सांगतो, जुनी आणि नवी, किंवा दोन वेगळ्या जातींच्या बॅटऱ्या कधीही एकत्र जोडू नका. जुनी नवीला खाऊन टाकते.

डोंग्यात बसवणं

बॅटरी तळाशी, डोंग्याच्या मध्यरेषेवर ठेवा. मोटर मागे आणि माणूसही मागे बसणार असेल तर बॅटरी पुढच्या बाजूला सरकवा, म्हणजे नाक वर उचललं जात नाही. पण थेट तळाला टेकवू नका. जाळ्याबरोबर येणारं पाणी तळाशी साचतंच, म्हणून खाली दोन इंच उंचीची फळी घ्या. त्यावर झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात बॅटरी, वरून नायलॉनचा रुंद पट्टा. पट्टा बांधून झाल्यावर डबा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून पाहा. डब्याबरोबर डोंगा हलला पाहिजे, डबा एकटा हलता कामा नये.

डबा हवाबंद करू नका. चार्ज होताना ॲसिडवाल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की एका ठिणगीने भडकतो. डब्याला वरच्या बाजूने भोकं हवीत, आणि बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको.

वायर आणि फ्यूज : इथे पैसे वाचवू नका

आमच्या ओळखीच्या एका माणसाने पत्र्याच्या डोंग्यात मोटर बसवली. वायर तळाच्या पट्टीवरून नेली, फ्यूज ‘नंतर लावू’ म्हणून राहिला. दोन महिने चाललं. जाळ्याच्या पेटीखाली घासून घासून वायरचं आवरण गेलं आणि एका पहाटे तांबं पत्र्याला टेकलं. मी शेजारच्या डोंग्यात होतो. पहिल्यांदा वास आला, टायर जळल्यासारखा, मग लाल वायर हातभर लांब फुगत, बुडबुडे धरत गेलेली दिसली. त्याने ओल्या दुपट्ट्याने क्लॅम्प उपटून काढला म्हणून तळव्यावर फोड येण्यावर निभावलं. पाण्याच्या मध्यावर, अंधारात. एका साध्या फ्यूजने हे सगळं क्षणात थांबलं असतं.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभराच्या आत लावायचा. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. त्यामुळे तो वायर सहन करील त्याच आकड्याचा घ्या. दिव्यांच्या लाइनला ५ अँपिअरचा पुरतो. मोटरसाठी तिच्या पुस्तिकेत दिलेला. घरात वापरतात ती एमसीबी इथे भरवशाची नाही. ती घरच्या एसी करंटसाठी असते, बॅटरीच्या डीसी करंटची ठिणगी तिच्यात सहजी विझत नाही. डीसी लिहिलेला ब्रेकर मागून घ्या.

वायर तांब्याची, बारीक तारांची, लवचीक. ॲल्युमिनिअमची नको. दिव्यांना ‘अडीचची’, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, वायर पुष्कळ झाली. मोटरला तीच लावली तर काय होतं ते पाहा : बॅटरी मोटरपासून चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर आठ मीटर. ३० अँपिअरला त्या वायरीत जवळजवळ पावणेदोन व्होल्ट वाया जातात आणि पन्नासेक वॅटची गरमी वायरीतच तयार होते. ‘सोळाची’ वायर घेतली तर हाच तोटा पाव व्होल्टाच्या आसपास येतो.

गॅरेजवाल्यांना निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला देण्याची सवय असते. पत्र्याच्या डोंग्यात ते करू नका. बॉडीतून करंट फिरला की पत्रा गंजतो, ॲल्युमिनिअम असेल तर त्याला भोकं पडतात. प्लस आणि मायनस दोन्ही वायरी प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळ्या न्या.

वायरीच्या टोकाला लग, म्हणजे आपले इलेक्ट्रिशियन ज्याला थिंबल म्हणतात ते, क्रिंपिंगच्या पकडीने दाबून बसवा. नुसती तार पिळून बोल्टखाली दाबली तर हादऱ्याने सैल होते, आणि सैल जोड तापतो. बॅटरी बसवताना प्लस आधी, मायनस शेवटी. काढताना मायनस आधी. पाना दोन्ही टोकांना एकाच वेळी लागला तर तो जागेवर चिकटतो आणि लाल होतो, म्हणून पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा आणि हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. सगळं घट्ट झाल्यावर टोकांवर व्हॅसलिन लावा. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने धुवा; सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

चार्जिंग

पहिली गोष्ट, चार्जिंग घरी करायचं. धरणाच्या काठावर शेतपंपाच्या पेटीतून एक्स्टेंशन ओढून डोंग्यातच बॅटरी लावणारे मी पाहिले आहेत. ओली माती, अनवाणी पाय आणि २३० व्होल्ट, यात माणूस जातो. बॅटरी उचलून घरी आणा. गाडीवरून आणताना ती उभी बांधा आणि दोन्ही टोकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवा. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असेल तर त्याच लाइनवर लावा.

चार्जरचा अँपिअर बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावा. २६ एएचला अडीच-तीन अँपिअर, ६५ला सहा-सात. घरच्या इन्व्हर्टरला डोंग्याची छोटी बॅटरी जोडून भरण्याची युक्ती काही जण करतात. इन्व्हर्टर दहा-पंधरा अँपिअर ढकलतो, तेवढं छोट्या बॅटरीला झेपत नाही.

चांगला चार्जर तीन टप्प्यांत काम करतो. आधी तो ठरलेला अँपिअर देत राहतो आणि बॅटरीचं व्होल्टेज वर चढत १४.४च्या आसपास येतं. इथे बॅटरी साधारण ८० टक्के भरलेली असते. मग तो १४.४ला धरून ठेवतो आणि अँपिअर हळूहळू उतरतात. हे शेवटचे २० टक्के भरायला दोन-तीन तास लागतात आणि नेमके तेच लोक सोडून देतात. ‘हिरवा लागेपर्यंत थांब’ असं मी सांगतो ते यासाठी. शेवटी तो १३.५-१३.६वर येऊन नुसती बॅटरी जपतो. ६५ एएचच्या बॅटरीतून २५ एएच खर्च झाले असतील आणि चार्जर साडेसहा अँपिअरचा असेल तर चार तास अधिक दोन-तीन तास, म्हणजे सकाळी दहाला लावली तर संध्याकाळी निघायच्या आत तयार.

लावायचा क्रम : चार्जर बंद ठेवून लाल क्लॅम्प प्लसला, काळा मायनसला, मग स्विच. काढताना आधी स्विच. चालू चार्जरचा क्लॅम्प ओढला की ठिणगी पडते आणि गॅस नेमका तिथेच असतो.

आता उन्हाचा भाग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. वर सांगितलेले १४.४ आणि १३.६ हे आकडे २५ अंशांचे आहेत. बॅटरी जेवढी गरम, तेवढं कमी व्होल्टेज तिला पुरतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२ व्होल्ट कमी. ४० अंशांच्या बॅटरीला १४.४ नको, १४.१च्या आसपास बस्स. तेवढंच १४.४ दिलं तर जास्तीचा करंट आत जातो, त्याने बॅटरी अजून तापते, तापली की अजून करंट ओढते. सीलबंद बॅटरीत हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबत नाही.

हे मला माझ्या पहिल्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, कळलं. सीलबंद बॅटरी होती, चार्जर जुना ट्रान्सफॉर्मरवाला, आपोआप बंद न होणारा. घरात उकाडा नको म्हणून मी ती दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लावली आणि झोपलो. संध्याकाळी वर गेलो तर जिन्यातच सडक्या अंड्यांचा वास. बॅटरीच्या चारही बाजू पोट फुगल्यासारख्या बाहेर आल्या होत्या, झाकणाचा एक कोपरा उचकटला होता, आणि हात जवळ नेला तरी झळ लागत होती. खाली जाऊन मेन स्विच बंद केला, मग चार तास कुणाला वर जाऊ दिलं नाही. ती बॅटरी दीड महिन्याची होती.

तेव्हापासून मार्च ते जून माझा क्रम असा असतो. सकाळी पाण्यावरून आलो की बॅटरी घरातल्या सगळ्यात थंड फरशीवर, खिडकीजवळ, तासभर निवू देतो. कूलरची हवा लागत असेल तर उत्तमच, फक्त त्या खोलीत कुणी झोपलेलं नको आणि खिडकी उघडी हवी. मग चार्जर लावतो. तापमान मोजण्याची वायर असलेला चार्जर असेल तर तो व्होल्टेज स्वतःच उतरवतो. अशा चार्जरला दोन पैसे जास्त द्यायला मी तयार असतो. नसेल तर ‘जेल’ची खूण असलेली सेटिंग बहुतेक चार्जरांत थोडं कमी व्होल्टेज देते, उन्हाळ्यात ती वापरता येते. दर तासाला बॅटरीच्या अंगाला तळहात लावून पाहतो. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर ती ५० अंशांजवळ गेलेली असते, लगेच बंद करायची. दुसऱ्या दिवशी पाण्यावर जायचं नसेल तर सरळ रात्री दहानंतर ओसरीत लावतो.

लिथियमला इथे वेगळी अडचण आहे. तिच्या बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका असंच सांगितलेलं असतं. मेच्या दुपारी उन्हात राहिलेला पॅक त्याहून गरम असतो आणि बीएमएस चार्जिंग तोडतो. लोक समजतात बॅटरी बिघडली. सावलीत दोन तास ठेवा, चालू होते.

फरशीचा विषय निघाला म्हणून सांगतो : बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, हा समज आजही पक्का आहे. जुन्या काळी खोकी कडक रबराची असत तेव्हा त्यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या खोक्याला थंड फरशी चांगलीच.

पाण्याची गोष्ट, मोकळ्या ॲसिडच्या बॅटरीसाठी

कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत पांढरा खरबरीत थर बसतो तो पाहिला आहे ना? तेच क्षार नळाच्या, बोअरच्या पाण्यातून बॅटरीच्या प्लेटांवर बसतात. म्हणून फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचंही नको. पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर टाकायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी भरलं तर ॲसिड बाहेर येतं. अपवाद एकच : प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकतील एवढं आधी टाका. ॲसिड कधीही टाकू नका, उडून गेलेलं असतं ते पाणीच. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून पाहा. ॲसिड डोळ्यात उडालं तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि मग दवाखाना गाठा, चोळू नका.

सोलर

१०० वॅटचं १२ व्होल्टचं पॅनल चांगल्या उन्हात साडेपाच अँपिअर देतं, दिवसाला २०-२५ एएच. दिव्यांच्या बॅटरीला हे पुरून उरतं. एवढं कडक ऊन असूनही मेमध्ये पॅनल कमी देतं, कारण दर अंशामागे साधारण ०.४ टक्के उतार असतो आणि टिनाला चिकटवलेलं पॅनल ६५-७० अंशांवर जातं. खाली चार बोटं हवा खेळती ठेवा. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे चार्जिंग आवरणारं यंत्र, हवाच. त्याला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल. पॅनल घरावर लावा, बॅटरी खाली सावलीत. डोंग्यावर लावलेलं पॅनल माशांच्या खवल्यांनी आणि चिखलाने आठवड्यात आंधळं होतं.

मीटर वाचायला शिका

साधा मल्टिमीटर घ्या. चार्जिंग किंवा वापर थांबवल्यावर दोन-तीन तासांनी व्होल्टेज बघा, लगेच बघितलेलं फसवतं. ॲसिडवाल्या बॅटरीला १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ पाऊण, १२.२ अर्धी, १२.० पाव, ११.८ म्हणजे रिकामी. १२.२च्या खाली जाण्याआधी किनाऱ्याला या. दिवा जळत असताना मीटर दोन-तीन दशांश कमीच दाखवतो, तेवढं समजून घ्या. लिथियमला ही मोजपट्टी चालत नाही, तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम पडतं. तिच्यासाठी एएच मोजणारा शंट मीटर लावा.

मी बॅटरीच्या अंगावर पांढरी टेप चिकटवून तिच्यावर तारीख आणि सकाळचा आकडा लिहितो. पूर्ण भरून रात्रभर पडलेली बॅटरी महिनाभरापूर्वी १२.७ दाखवत होती आणि आज १२.५ दाखवते, हे टेपवर दिसतं, डोक्यात राहत नाही.

पावसाळ्यात ठेवताना

मृग लागला, डोंगा वर ओढून उलटा घातला, की बॅटरी पूर्ण भरून, मायनसची वायर सोडून, घरात ठेवा. ॲसिडवाली बॅटरी पडल्या पडल्या उतरते, गरमीत जास्तच, म्हणून महिन्यातून एकदा चार्जरला लावायची. लिथियम ५०-६० टक्क्यांवर ठेवली तर तिला काहीच करावं लागत नाही. पोळ्याच्या सुमारास सगळे बोल्ट उघडून, घासून, परत घट्ट करा आणि घरीच अंगणात दिवे जोडून एक पूर्ण रात्र जाळून बघा. किती तासांत १२.२ येतं ते टेपवर लिहा. गेल्या वर्षीपेक्षा तास निम्मे झाले असतील तर बॅटरी बदला. जुनी भंगारवाल्याकडे फोडायला देऊ नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन नीट गाळण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. विक्रेत्याकडे नेलीत तर वजनावर नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते, तेव्हा जुनीचं वजन आधी घरीच करून न्या.